चघळलेला खडू

शिंप्याच्या टेबलावरचा खडू पळवून चघळायची खोड शेजारच्या पोराला शाळेपासूनच होती. सैन्यात भरती झाला, तरी रजेवर आला की एक खडू खिशात गेलाच म्हणून समजा. "अरे, ते पोट आहे की फळा?" शिंपी ओरडायचा.

मग युद्ध लागलं. तोफेचा गोळा पडला आणि घरी परत आली ती नुसती टोपी.

वर्षभरानं आईनं त्याची मागं राहिलेली पँट आणली. "ह्यांच्या मापाची करून द्या. ह्यांची उंची जरा बेताचीच आहे."

"वहिनी, उरलेल्या कापडात अजून एक नवरा बसेल," शिंपी म्हणाला. कितीतरी दिवसांनी ती हसली.

खिशाची पार चाळणी झाली होती. शिंप्यानं त्याचं तोंडच शिवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाप पँट चढवून दुकानातल्या आरशासमोर उभा राहिला. "मांडीला काहीतरी टोचतंय हो."

"टोचायला आहे काय त्यात?" शिंपी गुरगुरला आणि खूण करायला टेबलावर खडू चाचपू लागला. मघाशीच नवा काढलेला खडू जागेवर नव्हता.

तो वाकला. खिशाचे टाके जसेच्या तसे होते. त्यानं ते उसवले आणि आत दोन बोटं घातली.

खडू सापडला. अर्धा खाल्लेला, आणि अजून ओला.