भरल्या ताटावरून

पलंगाच्या पायथ्याशी पुठ्ठ्याची पाटी पुन्हा लटकत होती: 'उपाशी'. आहारतज्ज्ञ बाईंनी ती वाचली आणि त्यांच्या कपाळाची शीर तडतडायला लागली. आज सलग सहावा दिवस.

पलंगावर पंचविशीतला एक ट्रकड्रायव्हर निपचित पडला होता. अपघातात मांडीचं हाड मोडलं होतं, पोटरीचं मांस सोलून निघालं होतं, छातीला मार होता. घशातल्या नळीतून मशीन त्याला श्वास देत होतं आणि नाकातल्या नळीतून पंप अन्न देत होता. म्हणजे द्यायला हवं होतं. पंप बंद होता.

"सिस्टर, हा कुणी बंद केला?"

"मीच. सकाळी सहाला. आज ऑपरेशन आहे ना पायाचं."

"काल नव्हतं?"

"कालही होतं."

"झालं?"

"कुठलं? छातीत सळई घुसलेला पेशंट आला, याला मागे टाकलं. परवाही तसंच." सिस्टरचा आवाज उतरला. "मी तरी काय करू, बाई? उपाशी ठेवायचं म्हटलं की पाटी लावायची."

तिचंही खोटं नव्हतं. रोज सहाला पंप बंद. दिवसभर वाट. पाचला निरोप, आज होत नाही. मग पंप पुन्हा सुरू, तोही आधी हळूहळू. जरा वेग धरतो न धरतो तोच सहा वाजलेले. बाईंनी वहीत मांडून पाहिलं होतं: सहा दिवसांत पठ्ठ्याच्या पोटात जेमतेम दीड दिवसाचं अन्न गेलं होतं. गालांची हाडं वर आली होती. आणि चारला त्याची आई काचेच्या दारापाशी यायची आणि एकच प्रश्न विचारायची, आज जेवला का? बाई रोज म्हणायच्या, थोडंसं. या 'थोडंसं'ची आता त्यांना शिसारी आली होती.

तेवढ्यात सर्जन आले. त्यांनी पोटरीवरची पट्टी सोडली, जखम पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "भरतच नाहीये. नुसती फिकट पडलीय. असंच राहिलं तर पाय कापावा लागेल."

"कशानं भरेल?" बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"जखम भरायला आधी पोट भरावं लागतं, डॉक्टर. सहा दिवस तुम्ही या माणसाला भरल्या ताटावरून उठवताय. आणि वर जखमेवर रागावताय."

सर्जननी वर पाहिलं. वॉर्डात त्यांच्याशी असं कुणी बोलत नसे. "ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवावंच लागतं, बाई. उलटी होऊन छातीत गेली तर? भूलवाले माझा जीव घेतील."

"श्वासाची नळी आधीपासून घशात आहे. तिच्याभोवतीच्या फुग्यानं छातीत जायची वाट बंद केलीय. अन्नाची नळी जठराच्या पुढे, थेट आतड्यात आहे, ती तुम्हीच बसवून घेतलीत. आणि ऑपरेशन पायाचं. उलटी होणार कुठून?"

"ते भूलवाल्यांना सांगा."

"सांगितलं. आत्ताच लिफ्टमध्ये गाठलं त्यांना. ते म्हणाले, अशा पेशंटला मी कुठे उपाशी ठेवायला सांगितलं? मला वाटलं, सर्जनना हवंय." बाईंनी घडी घातलेला कागद पुढे केला. "लिहूनच आणलंय. सहीसकट."

सर्जननी कागद वाचला. मग पुन्हा वाचला. "मला वाटत होतं, त्यांना हवंय," ते हळूच म्हणाले.

"हो ना. तुम्हाला वाटलं त्यांना, त्यांना वाटलं तुम्हाला. तुमच्या या मानपानात पोर मात्र वाळत चाललंय."

सर्जननी खिशातून पेन काढून कागदाखाली सही ठोकली. बाईंनी पाटी ओढून काढली, तिचे दोन तुकडे केले आणि पंपाचं बटण दाबलं. नळीतून दुधाळ पातळ अन्न पुढे सरकायला लागलं.

चारला आई आली. "आज जेवला का?"

"जेवतोय," बाई म्हणाल्या. किती दिवसांनी त्यांना मान वर करून बोलता आलं. "ती पिशवी दिसते ना, तेच जेवण. तासाला एवढी एक वाटी."

आईनं काचेतून बराच वेळ पाहिलं. "किती हळू," ती म्हणाली. "घरी दोन मिनिटांत ताट साफ करतो. गाडी उभी असते ना बाहेर."

आणि त्याच वेळी फोन वाजला. सिस्टरनं घेतला, ऐकला आणि ठेवला. "थिएटर मोकळं झालं. आत्ता आणा म्हणतायत."

सहा दिवस न आलेला फोन आजच, आत्ताच यायचा होता. बाईंनी कपाळावर हात मारला. दोन वॉर्डबॉय मामा धावत आले, पलंगाचे ब्रेक निघाले, मशीनच्या नळ्या सावरल्या गेल्या. सिस्टरचा हात सवयीनं पंपाकडे गेला.

"हात लावू नका," बाई म्हणाल्या. "ताटासकट जाईल तो."

सिस्टरनं पेशंटला न्यायला आलेल्या सर्जनकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. मग तिनं पंप पलंगाच्या दांड्याला अडकवला, वर पिशवी टांगली.

दार उघडलं. पलंग बाहेर आला. आई भिंतीला चिकटून उभी राहिली आणि मुलाच्या तोंडाऐवजी त्या पिशवीकडेच बघत राहिली. मामांनी घाईनं वळण घेतलं तशी पिशवी हेलकावली. आई दोन पावलं पुढे धावली.

"सावकाश न्या," ती म्हणाली. "जेवतोय तो."