चार नॉट

इंजिनीअर बाई तीन दिवस एकाच आलेखाकडे बघत होती. डोळे चुरचुरत होते, चहा गार होऊन जात होता.

नऊशे मीटर लांबीचा, कवेत मावेल एवढ्या जाडीचा पाइप टगबोटीने समुद्रातून ओढत न्यायचा होता. एवढी लांबलचक वस्तू पाण्यात दोऱ्यासारखी वळवळते. कुठल्या वेगाला कुठे किती ताण येईल याचं गणित तिनेच केलं होतं आणि कागदावर लिहून दिलं होतं, चार नॉटच्या वर जाऊ नये. पाइप सात नॉट वेगाला तुटला आणि तळाशी गेला.

“चूक कप्तानाची, एवढं लिहा आणि मोकळ्या व्हा,” साहेब सकाळी दारातूनच म्हणाले होते.

लिहायला हरकत नव्हती. खरंच होतं ते. पण एक गोष्ट तिला उलगडत नव्हती, म्हणून तिने कप्तानाला बोलावून घेतलं.

तो येऊन बसला. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. तिने आलेख त्याच्याकडे फिरवला.

“दीड वाजेपर्यंत वेग बरोब्बर चार आहे. तसूभरही इकडेतिकडे नाही. आणि मग एकदम सात. काय झालं दीड वाजता?”

“बाराच्या सुमारास एका खलाशाचा हात दोर गुंडाळणाऱ्या विंचमध्ये सापडला,” कप्तान म्हणाला. “वाऱ्यामुळे हेलिकॉप्टर उडेना. पाइप जहाजांच्या वाटेत सोडून देता येईना. तुमचा कागद माझ्यासमोर चिकटवलेला होता. दीड तास मी वेगाच्या काट्यावरची नजर काढली नाही.”

“मग दीडला?”

“दीडला तो ओरडायचा थांबला.”

पंख्याने आलेखाचा कोपरा फडफडत होता. तिने तो बोटाने दाबून धरला.

“आता कसा आहे?”

“आहे. हात कोपरापासून गेला. थोडा आधी आणला असता तर राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले.” तो आलेखावर वाकला. “मॅडम, एक सांगा. साडेपाच नॉटने गेलो असतो तर तुटला असता पाइप?”

या उत्तरासाठी तिला कागद चाळायची गरज नव्हती.

“नाही.”

“नक्की?”

“त्या दिवशीच्या लाटांमध्ये तरी नाही.”

“मग कागदावर चार कसं काय?”

“लिहिताना आम्ही नेहमी थोडं हातचं राखून...”

तिची नजर टेबलावरच्या त्याच्या हातांवर गेली.

टेबलावर टेकवलेले आपले दोन्ही हात कप्तानाने हळूच खाली घेतले.