थरथर थांबली की सांगा

नसा अधू करणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिसची नुकती सुरुवात झालेल्यांवर डॉक्टरबाई नवं औषध तपासत होत्या. पेशंटने डोळे मिटायचे, बाईंनी नादकाटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, वाजवून पायाच्या अंगठ्यावर टेकवायचा. "थरथर थांबली की सांगा." मग बाईंनी तोच काटा स्वतःच्या बोटाला लावायचा. बाईंना थरथर अजून जाणवली, तर पेशंटची नस अधू समजायची. यंत्र कशाला, आपला हात जगन्नाथ! हल्ली सगळ्यांची थरथर बाईंबरोबरच थांबायची. औषध लागू पडत होतं. आजही शिवणक्लासवाल्या ताई "थांबली" म्हणाल्या, बाईंच्या बोटालाही काटा गप्प लागला. "सुधारताय हं!" ताईंनी आनंदाने काटा घेऊन आपल्याच बोटाला लावला. "अहो डॉक्टर, हा अजून गुणगुणतोय की!" ताई गेल्यावर बाईंनी आपल्या पायातला मोजा काढला, काटा वाजवून अंगठ्यावर धरला आणि डोळे मिटले. "थांबली," त्या मोठ्याने म्हणाल्या. पुढे टेकवून बघायला खोलीत दुसऱ्या कुणाचं बोट नव्हतं.