झाकलेले वळ

"सात वर्षं सक्तमजुरी," न्यायाधीशांनी सांगितलं आणि मालिकांमधला लाडका नायक आरोपीच्या पिंजऱ्यात मटकन खाली बसला. बाहेर चाहत्या रडत होत्या.

शालनताईंना मात्र रडू फुटेना. बारा वर्षं त्या त्याच्या सेटवर रंगभूषा करत होत्या. त्याच्या मारानं नवख्या अभिनेत्री ऋजुताच्या गालावर वळ उठायचे, तेव्हा त्यांवर रंगाचा हात त्याच फिरवायच्या. पोलिसांपुढे मात्र "मला काही ठाऊक नाही," म्हणून मोकळ्या झाल्या होत्या.

व्हरांड्यातल्या बाकावर ऋजुता आपल्या वकीलबाईंची वाट बघत होती. शालनताईंनी हात जोडले. "चुकले गं पोरी."

"त्याचा मार विसरेन एखादवेळ, मावशी. पण तुम्ही म्हणायचात, 'बघ, आता कुणाला दिसणार नाही.' ते अजून कानात आहे."

तेवढ्यात वकीलबाई आल्या. शालनताई त्यांच्याकडे वळल्या. "त्याच्यावर दुसऱ्या एका मुलीचाही खटला आहे ना? मला साक्षीला घ्या. तिचंही मीच झाकलंय."

"तुमच्यावरही बालंट येईल."

"बालंट कसलं? केलंय मी ते."

ऋजुतानं बाकावरची पर्स उचलून मांडीवर घेतली आणि शालनताईंना शेजारी जागा केली.