भिंतीवरचा मुलगा

सातवा पेढा तोंडात गेला तेव्हा उकंडरावांना कॅमेरा आठवला.

तो समोरच्या भिंतीवरून सरळ त्यांच्या फुगलेल्या गालाकडे पाहत होता. पेढा धड गिळता येईना, धड थुंकता येईना. शेजारच्या शालूबाई देऊळगाव राजाला जाऊन आल्या होत्या, बालाजीचा प्रसाद म्हणून डबा देऊन गेल्या. बायको, पुष्पाबाई, मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होत्या. पहिला पेढा प्रसादाचा होता. उरलेल्या सहांना देवाचा काही आधार नव्हता.

डोणगावच्या या घरात कॅमेरा आला तो दिवाळीला. त्याआधी उकंडरावांची साखर चारशेवर गेली होती आणि चार दिवस दवाखान्यात काढावे लागले होते. म्हणून पुण्याचा मुलगा, जीवन, स्वतः स्टुलावर चढला आणि कॅमेरा ठोकून खाली उतरला.

"आता मला तिथून सगळं दिसतं, ऐकूही येतं," तो म्हणाला. "बाबा, पुन्हा गोड खाताना दिसलात तर घराला कुलूप आणि तुम्ही दोघं पुण्याला."

पुणे म्हणजे अकरावा मजला. मागच्या उन्हाळ्यात उकंडराव तिथे पंधरा दिवस राहून आले होते. बोलायला लिफ्टमधला आरसा तेवढा मिळाला.

त्यामुळे गेले आठ महिने उकंडराव आदर्श म्हातारे होते. जन्मभर बनियनवर वावरलेला माणूस घरात सदरा घालू लागला, तोही वरच्या गुंडीपर्यंत. औषधाची गोळी आधी कॅमेऱ्याला दाखवायची, मग गिळायची. बायकोवर ओरडणंही बंद झालं. "चाय कुठं मेली?" असं विचारणारे उकंडराव "अवं, तू जेवली का?" असं विचारू लागले. दर रविवारी जीवनचा फोन यायचा. "सगळं पाहतो बरं मी," तो म्हणायचा. उकंडराव भिंतीकडे पाहून मान हलवायचे.

आज बुधवार होता. तरी फोन वाजला. जीवनचाच होता.

उकंडरावांनी पेढा गिळला. तो अकरा मजले उतरत खाली गेला.

"बाबा, एक विचारतो. खरं सांगा."

"इचार." एकच खाल्ला, हे उत्तर त्यांनी तयार ठेवलं होतं.

"कॅमेऱ्याचा प्लग लावलेला आहे ना? इथं बंद दाखवतंय."

"कवापासून?"

"दिवाळीपासून. म्हणजे... ॲप मी आजच उघडलं."

"अन् दर रविवारी काय पाहून राह्यला होता बे तू?"

"बाबा, मीटिंग आहे. ठेवतो."

उकंडरावांनी सदरा काढून खुंटीला लावला आणि पंख्याखाली येऊन लांब श्वास सोडला. पुणे आपल्या सगळ्या मजल्यांसकट पुन्हा पुण्याला निघून गेलं. आठवा पेढा त्यांनी उघड्या अंगानं, भिंतीकडे तोंड करून खाल्ला. आणि इतके दिवस घशात कोंडलेला आवाज मोकळा सोडला.

"अवं ए! चाय कुठं मेली?"

पुष्पाबाई ओले हात पुसत आत आल्या. त्यांनी डब्याकडे पाहिलं, सदऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. कोणी काही सांगायची गरज पडली नाही. त्यांनी डबा उचलला, कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"वायर म्याच काढली होती," त्या म्हणाल्या. "जीवन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. आपल्याच घरात दिवसभर पदर सावरत बसा लागे."

"मंग मले सांगतलं काऊन नाही?"

"सांगालेच आली होती. तुम्ही जेवून राह्यले होते. कॅमेऱ्याकडं पाहून म्हनले, वांगे झकास झाले. अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा आयकलं." पुष्पाबाई चहा टाकायला वळल्या. "म्हटलं, उद्या सांगू."