वाकडं पान

मंडी मोहल्ल्यातल्या दुकानात सुप्रीता ऑफिसचा लॅपटॉप घेऊन बसली होती. सासऱ्यांनी कोरलेल्या ठशांची चित्रं सासूच्या, अन्नपूर्णाबाईंच्या, कॉम्प्युटरवर होती, पण फोल्डर उघडत नव्हतं. “हा कंपनीच्या डोमेनमधला लॅपटॉप, अत्ते. तुमचा कॉम्प्युटर माझं तिथलं नाव ओळखत नाही. इथं वेगळं खातं लागेल.” “सरी, करते,” म्हणत अन्नपूर्णाबाईंनी खातं केलं. “बघायला देऊ की बदलायलाही?” “बघायला पुरे.” फोल्डर उघडलं. अन्नपूर्णाबाईंनी एका वेलीवर बोट ठेवलं. “हे पान वाकडं आलंय.” “मामांची पटाशी घसरली असेल. असू दे तसंच.”  मग शेअरिंग आणि सिक्युरिटी, दोन्हीकडे अन्नपूर्णाबाईंनी सुनेच्या नावापुढे ‘फुल कंट्रोल’वर टिक केलं, म्हणजे बदलायचीही मुभा. वरच्या ओळीत आपल्या नवऱ्याच्या नावापुढे सुप्रीताला नुसतं ‘रीड’ दिसलं. “ह्यांना बदलता येत नाही?” “त्यानं ते पान सरळ केलं होतं, मी परत होतं तसं केलं. आता बघू दे नुसतं.”