दंडुका

मूर्तिकारबाईंनी तीन पुतळे घडवले होते: आपल्या वंशाची आई, तिचं बाळ आणि शेजारी निअँडरथल, म्हणजे माणसाची नामशेष झालेली भावकी. संग्रहालयाचे व्यवस्थापक म्हणाले, "या रानट्याने तिला पळवलंच असणार. मुठीत दंडुका द्या, लोकांना तेच पटतं." बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, ते बघायला तुम्ही नव्हता, मीही नव्हते. पण याची पोरं जगली, वाढली, म्हणून तर याचा अंश आपल्या रक्तात उरलाय. पोरं काय दंडुक्याने वाढतात?" "उद्या उद्घाटन. दंडुका दिसलाच पाहिजे," साहेबांनी बजावलं. बाईंनी करवत उचलली आणि वळलेली मूठ मनगटापासून कापून टाकली. सकाळी तिथे उघडा तळवा होता आणि त्यावर बाळाचं डोकं विसावलं होतं. साहेब तणतणत आले, वाकले, बघतच राहिले. "नाक मात्र," ते पुटपुटले, "बापावर गेलंय हं."